मुलाबाळांसह थरच्या वाळवंटात: जैसलमेर–तनोट–लोंगेवाला स्वतःच्या गाडीनं

पुण्या-मुंबईहून जैसलमेरपर्यंतचा रस्ता हा सरळ हायवे आहे. वाळवंट खिडकीबाहेर दिसत असतं, पण ढाबे, पंप, पंक्चरवाले सगळं वाटेत मिळतं. वेगळी तयारी लागते ती त्यापुढच्या फेरीसाठी: जैसलमेर, रामगढ, तनोट (सीमेजवळचं तनोटमातेचं देऊळ), लोंगेवाला (१९७१ च्या लढाईची जागा) आणि परत. ही फेरी साधारण २७० किलोमीटरची. एका दिवसात आरामात होते, आणि आरामात होते म्हणूनच लोक ती तयारीशिवाय करतात.

घरच्या गाड्या इथे रुततात त्या बहुधा टेकडीवर चढायच्या नादात नव्हे. समोरून ट्रक आला म्हणून डावी चाकं डांबराखाली उतरवली, फोटोसाठी गाडी जरा बाजूला घेतली, मुलाला लघवीला लागली म्हणून घाईत थांबलो, अशा वेळी रुततात. तेव्हा पहिला नियम हाच: आपली गाडी डांबरावर, वाळूसाठी उंट किंवा तिथली जीप. सम (जैसलमेरहून ४० किलोमीटरच्या आसपास) आणि खुरी (त्याहून थोडं लांब) इथे जीपवाले मिळतात. त्यांची टायरं, त्यांचा हात आणि त्यांची रोजची वाट आपल्याकडे नाही. पुढची चाकं ओढणारी गाडी, तिला कितीही एसयूव्ही म्हणा, मऊ वाळूत हॅचबॅकइतकीच असहाय असते.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चच्या मध्यापासून दुपारी गाडीबाहेर उभं राहणं लहान मुलांना जड जातं. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो. जैसलमेरच्या शेजारच्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंशांची नोंद झाली होती. त्या दिवसांत मुलांना घेऊन हा बेत करूच नये. दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळ ते १ जानेवारी या काळात गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. शाळा बुडवणं जमत असेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा उत्तम.

हिवाळ्यातला दिवस मात्र छोटा. डिसेंबर-जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडला की रस्त्यावर काळी गुरं, उंट, नीलगाई आणि बिनदिव्याच्या ट्रॉल्या असतात. उंटाचा सगळा भार उंच पायांवर असल्यामुळे धडक बसली तर तो बॉनेटवरून थेट काचेवर येतो. म्हणून दुपारी साडेचार-पाचपर्यंत जैसलमेरला परत, असाच हिशेब धरायचा.

तिथवरचा प्रवास

मुंबई ते अहमदाबाद साधारण ५२५ किलोमीटर, पुण्याहून ६६० च्या आसपास. अहमदाबादहून मेहसाणा, पालनपूर, धानेरा, सांचोर, बाडमेर, जैसलमेर असे आणखी साडेपाचशेच्या आतबाहेर. मुलं बरोबर असतील तर वाटेत दोन मुक्काम धरा: पहिला बडोदा किंवा अहमदाबाद, दुसरा पालनपूर किंवा बाडमेर, तिसऱ्या दिवशी दुपारी जैसलमेर. दोन दिवसांत पोचणारे पोचतात, पण चौथ्या दिवशी ज्या ड्रायव्हरला सीमेकडच्या रस्त्यावर सावध राहायचं असतं तो तोवर पार गळालेला असतो. पोचल्यावर एक दिवस किल्ला, गडीसर तलाव यांत घालवा आणि फेरी त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा.

गुजरातची हद्द सोडण्याआधी टाकी भरून घ्या. राजस्थानात पेट्रोल महाग पडतं. डिझेल गाडीला डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रावण) लागत असेल तर तेही अहमदाबादच्या आसपास काठोकाठ भरा. डीईएफ संपलं की चालू गाडी चालत राहते, पण एकदा बंद केली की पुन्हा सुरू होत नाही, आणि ही गोष्ट नेमकी देवळासमोर गाडी लावल्यावर कळते.

निघण्याआधी गाडीत काय बघायचं

टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२० म्हणजे २०२० सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षांहून जुना टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, या सहलीला नको. रबर कडक होतं, बाजूला बारीक भेगा पडतात आणि तापल्या रस्त्यावर भिंत फुटते; ती पंक्चरपट्टीनं जुळत नाही.

स्टेपनी काढून हवा मोजा. वर्षानुवर्षं तिला कोणी हात लावलेला नसतो आणि गरज पडते तेव्हा ती १५ पीएसआयवर निघते. बऱ्याच नव्या गाड्यांत बारीक स्टेपनी येते. ती ताशी ८० पर्यंतच चालवायची, आणि ती चढवली की बेत तिथेच थांबवून पंक्चरवाल्याकडे परतायचं. अलॉय चाकांना चोरीरोधक नट असेल तर त्याची किल्ली गाडीत आहे ना, हे घरी बघा. एकदा अंगणात जॅक लावून चाक काढून परत बसवा. गंजलेला नट तिथे सुटला तर बरा.

बॅटरी तीन वर्षांपलीकडची असेल तर तपासून घ्या. पहाटेच्या पाच-सहा अंशांत कमजोर बॅटरी दगा देते. कूलंटची पातळी थंड इंजिनावर पाहा. एअर फिल्टर नवा घाला आणि जुना झटकून पिशवीत ठेवा. वाऱ्याचा दिवस लागला तर उपयोगी पडतो.

बरोबर न्यायच्या वस्तू, चौघांच्या कुटुंबासाठी:

– सिगारेट लायटरवर चालणारा हवेचा पंप. त्याची वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का, तेही पाहा.
– हवा मोजायचा वेगळा गेज. पंपावरचा बहुधा दोन-तीन पीएसआयनं चुकतो.
– ट्यूबलेस पंक्चर किट: आरी, सुई, किमान ५ पट्ट्या, पक्कड.
– घडीचं फावडं. नसेल तर बागेतलं छोटं फावडंही चालतं. ताट-वाटीनं वाळू उपसायची वेळ आणू नका.
– जॅकखाली ठेवायला एक फूट बाय एक फूट, पाऊण इंच जाडीची प्लायवुडची फळी. नुसता जॅक वाळूत गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो.
– गोणपाटाची चार रिकामी पोती, चाकाखाली घालायला. रबरी मॅट चाकाखाली घातली तर ती मागे उडते आणि मागे उभ्या असलेल्याच्या पायावर बसते.
– टोचनाचा पट्टा, किमान ५ मीटर, गाडीच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा, दोन शॅकलसह.
– टॉर्च, हातमोजे, जंपर केबल, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण.

हे सगळं सामानाखाली नाही, सामानावर. रुतलेल्या गाडीची डिकी रिकामी करत चार बॅगा वाळूत मांडून बसणं हे दृश्य टाळता येतं.

वाटेतला कागदी हिशेब

जैसलमेर ते रामगढ साधारण ६५ किलोमीटर, रामगढ ते तनोट ५५, तनोट ते लोंगेवाला ४०, लोंगेवाला ते रामगढ ४५, पुन्हा जैसलमेर ६५. पंप जैसलमेरला आहेत, रामगढला आहे. त्यापुढे नाही असंच धरून चाला. जैसलमेरहून टाकी भरून निघा. लिटरला १५ देणारी गाडी या फेरीत १८ लिटर पिते, चुकलेली वाट आणि उभ्या गाडीत चालू एसी धरून २५ मोजा. कॅनमध्ये पेट्रोल नेऊ नका. बंद गाडीत मुलं बसलेली असताना त्याची वाफ हा आपण होऊन विकत घेतलेला धोका आहे.

रामगढला किलोमीटरचा काटा शून्यावर आणा आणि वरची अंतरं एका कागदावर लिहून काचेजवळ ठेवा. नकाशा आदल्या रात्री मोबाइलमध्ये उतरवून ठेवायचा. पुढे नेटवर्क येतं-जातं. घरातली सिमकार्डं वेगवेगळ्या कंपन्यांची असतील आणि त्यांत एक बीएसएनएलचं असेल तर बरं. नकाशाची एक खोड लक्षात ठेवा: 'जवळचा रस्ता' म्हणून तो एखाद्या ढाणीकडे, म्हणजे वाळवंटातल्या चार-दोन घरांच्या वस्तीकडे, जाणारी कच्ची वाटही दाखवतो. डांबर संपलं की वाट चुकली असं समजायचं. पुढे कुठेतरी लागेल म्हणून रेटायचं नाही, तिथूनच उलट फिरायचं, आणि फिरण्यासाठीसुद्धा चाकं डांबराखाली घालायची नाहीत. चार-पाच वेळा मागेपुढे करावं लागलं तरी चालेल.

परदेशातून आलेल्या नातेवाइकांना एक आधीच सांगून ठेवा: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि सीमेजवळ तर मुळीच नाही. त्यांचा पासपोर्ट परदेशी असेल तर सीमेलगतच्या भागासाठी परवानगीचा प्रश्न येतो. जैसलमेरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून मगच निघा. बाकी सर्वांनी मूळ ओळखपत्रं जवळ ठेवावीत. ड्रोन घरी. चौक्या, जवान, लष्करी गाड्या यांचे फोटो नाहीत. तनोटच्या पुढे सीमेपर्यंत जाण्यासाठी सीमा सुरक्षा दलाची परवानगी लागते. ती नसेल तर नाक्यावर हुज्जत घालून काही मिळत नाही.

हॉटेलवाल्याला गाडीचा नंबर, मार्ग आणि 'सात वाजेपर्यंत आलो नाही तर फोन करा' एवढं लिहून द्या. घरी पुण्याला कळवून तिथून काही होत नाही. शोध घेऊ शकेल असा माणूस जैसलमेरातच हवा.

पाणी आणि डबा

हिवाळ्यात माणशी दिवसाला ४ लिटर पिण्याचं, म्हणजे चौघांना १६. त्यावर हात धुणं, गाडी, अडीअडचण यांसाठी १० लिटर. सगळं एका वीस लिटरच्या जारमध्ये नको. जार तडकला तर सगळंच गेलं. पाच-पाच लिटरचे कॅन घ्या आणि एक पुढच्या सीटखाली ठेवा. थंडीत मुलं पाणी मागत नाहीत, हवा मात्र कोरडी असते. दर तासाला आठवणीनं द्या. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडलं, हे मोठ्या मुलांनाही सांगून ठेवता येतं. जलसंजीवनीची पाकिटं घ्या. नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं वाढवू नका.

रस्त्याकडेला ढाण्यांजवळ जमिनीत बांधलेले टांके दिसतात. ते त्या घरांचं साठवलेलं पिण्याचं पाणी असतं. विचारल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, पाय धुवायला तर नाहीच.

डब्यात दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी. ओली चटणी आणि दह्याचं काही नको. दशम्या कागदात नाही, मऊ सुती फडक्यात गुंडाळा. त्या कोरड्या हवेत उघड्या राहिल्या तर दुपारपर्यंत वातड होतात. भडंग-चिवडा चविष्ट खरा, पण मुलं तेच खात बसतात आणि तहान वाढते.

फेरीचा दिवस

आठला निघा. रामगढला सव्वानऊपर्यंत, तिथे सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचं, लागली असो वा नसो. पुढचा रस्ता टेकड्यांवरून खाली-वर होत जातो. ज्या मुलांना गाडी लागते त्यांची गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत रामगढच्या आधी. चढाच्या माथ्यावर समोरचं काही दिसत नाही, म्हणून माथ्यावर ओव्हरटेक नाही आणि थांबणं तर नाहीच. वारा असेल तर रस्त्यावर वाळूच्या जिभा आलेल्या असतात. लांबून दिसल्या की वेग आधीच ३० वर आणा आणि स्टिअरिंग सरळ ठेवून पार करा. वाळूवर असताना ब्रेक दाबला किंवा चाक वळवलं तर गाडी वळण्याऐवजी घसरत बाजूला जाते.

तनोटला साडेदहा-अकरापर्यंत. १९६५ च्या युद्धात या देवळाभोवती पडलेले तोफगोळे फुटले नाहीत, त्यांतले काही देवळात मांडलेले आहेत. देवळाची व्यवस्था सीमा सुरक्षा दल पाहतं. इथे तास-दीड तास. लोंगेवाल्याला एकच्या सुमारास. ४ आणि ५ डिसेंबर १९७१ ला मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या तुकडीनं रात्रभर पाकिस्तानी रणगाडे थोपवून धरले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी त्यांचा समाचार घेतला. पकडलेले रणगाडे मुलांना जवळून बघता येतात, पण उन्हात तापलेलं लोखंड आधी तुम्ही हात लावून पाहा. दोन-सव्वादोनला निघायचंच. 'एवढं आलोय तर' म्हणून इथे आणखी काही जोडू नका.

वेळ हाताशी असेल तर दुसऱ्या दिवशी समच्या बाजूचं डेझर्ट नॅशनल पार्क. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक पक्षी इथे अजून उरला आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. दिसेलच असं नाही. वन विभागाची परवानगी आधी काढायची.

चाक रुतलं तर

गाडी पुढे जात नाही आणि चाक फिरतंय असं जाणवताक्षणी पाय उचला. हे एवढं केलं तर निम्मं काम झालं. ॲक्सिलरेटर दाबत राहिलं की चाक स्वतःचा खड्डा खणतं, मग गाडीचं बूड वाळूवर टेकतं आणि चाकांवर भारच उरत नाही. त्यानंतर शंभर घोड्यांचं इंजिनही काही करू शकत नाही.

१. मुलांना उतरवून रस्त्यापासून दूर, गाडीच्या पुढे-मागे नव्हे तर बाजूला, एका मोठ्या माणसाबरोबर उभं करा. गाडी डांबराला लागून असेल तर त्रिकोण ५० पावलं मागे, आणि माथ्याजवळ असाल तर माथ्याच्या पलीकडे.

२. वाकून बुडाखाली बघा. टेकलं असेल तर आधी तिथली वाळू काढा. मग चारही चाकांच्या पुढची आणि मागची, उतार धरून. चाकासमोर उभी भिंत ठेवली तर चाक ती चढत नाही.

३. हवा सोडा. ३३ पीएसआय असेल तर १८ वर आणा, चारही चाकांत सारखी. टायर चपटा होऊन जमिनीवर लांब पसरतो, भार वाटला जातो आणि चाक वाळूवर राहतं. १५ च्या खाली नको. वळताना टायर रिममधून निघतो आणि तो तिथे परत बसवता येत नाही.

४. गोणपाट ओढणाऱ्या चाकांना अगदी चिकटवून, थोडं खाली खुपसून ठेवा. पुढच्या चाकांची गाडी असेल तर पुढच्याच चाकांना. मागच्यांना घालून काही साधत नाही.

५. चाकं सरळ करा. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण असेल तर बंद करा. चाक जरा फिरलं की ते इंजिनाची ताकद तोडतं. आता मागे, आपल्याच चाकोरीतून. ती वाळू आधीच दबलेली असते. मागे शक्यच नसेल तर दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडत पुढे. एका झटक्यात निघाली नाही तर थांबा, पुन्हा उपसा.

६. बाहेर आलात की डांबरावर सरळ, सपाट जागी थांबून हवा भरा. तोवर ताशी ३०-४० च्या वर जाऊ नका, मऊ टायर वेगात तापून फुटतो. पंप चालताना इंजिन चालू ठेवा, आणि दोन टायरांनंतर पंपाला दहा मिनिटं विसावा द्या, नाहीतर तो जळतो आणि उरलेली दोन चाकं १८ वरच राहतात.

दुसऱ्या गाडीनं ओढायचं ठरलं तर पट्टा फक्त गाडीसोबत आलेल्या टो-हुकला लावायचा. हा हुक जॅकच्या पिशवीत असतो आणि बम्परवरच्या छोट्या झाकणाखाली बसतो. काही गाड्यांत तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणून घरी एकदा लावून पाहा आणि शेवटपर्यंत पिळा. बम्परला किंवा सस्पेन्शनला बांधू नका. पट्ट्याच्या मध्यावर जाड रग टाका, तुटला तर तो उडत नाही. पट्टा ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. मोबाइलवर चित्रण करणारा मामा नेमका तिथेच उभा असतो.

पंक्चरचं कारण इथे बहुधा काटा. विलायती बाभळीचे, म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचे, काटे ट्यूबलेस टायरात शिरून सुईसारखे मोडतात. काटा दिसला म्हणून लगेच उपटू नका; तो असेपर्यंत हवा हळू जाते. आधी पट्टी सुईत ओवून तयार ठेवा, मग काटा काढा. उन्हात किंवा लांब चालल्यावर हवा तीन-चार पीएसआय वाढलेली दिसते; ती सोडायची नसते.

गाडी मुळीच चालेना तर गाडी सोडून चालत निघू नका. बॉनेट उघडं ठेवा, सावलीच्या बाजूला बसा. या रस्त्यावर दिवसा देवळाकडे जाणाऱ्या गाड्या, पाण्याचे टँकर, सीमा सुरक्षा दलाची वाहनं येतात-जातात. मदतीला पाठवायचाच तर एक मोठा माणूस येणाऱ्या गाडीतून; मुलं आणि पाणी दोन्ही आपल्या गाडीपाशीच.

बायकांची आणि मुलांची सोय

रामगढनंतर देवळापर्यंत आडोसा नाही. मोठी काळी छत्री आणि जुनी चादर पुरते. झुडपाच्या मुळाशी बसू नका, मोकळ्या वाळूत बसा. फुरसं आणि विंचू झुडपाच्या सावलीत असतात, थंडीत कमी दिसतात इतकंच. पायात बूट, सँडल नव्हे. गाडीबाहेर काढलेले बूट पुन्हा घालण्याआधी उलटे आपटायचे. वीतभर खड्डा, नंतर बुजवायचा; ओले टिश्यू पिशवीतून परत आणायचे.

साप चावलाच तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका, चोखू नका. अंगठ्या, पैंजण, बूट काढा, तो अवयव हलणार नाही असा बांधा, माणसाला चालू न देता जवळच्या चौकीकडे आणि तिथून रुग्णालयात. ११२ आणि १०८ हे दोन्ही नंबर फोनमध्ये असू द्या.

कोरड्या हवेनं मुलांचा घोणा फुटतो. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता दाबा. रात्री झोपताना नाकपुड्यांना व्हॅसलिनचं बोट लावलं तर ही वेळ कमी येते. डोळ्यात वाळू गेली तर चोळू न देता स्वच्छ पाण्याची बारीक धार. समच्या तंबूत राहणार असाल तर कानटोपी, मोजे, स्वेटर वरच ठेवा. सूर्य मावळल्यावर तासाभरात गारठा चढतो.

परतताना

गाडी लगेच कापडानं पुसू नका, वाळूनं रंगावर ओरखडे उठतात. आधी पाण्याची धार मारून घ्या. एअर फिल्टर काढून बघा, आणि चाकांच्या आतल्या बाजूनं खरखर येत असेल तर ब्रेकमध्ये खडा अडकलाय का ते कोणत्याही टायरवाल्याकडून पाहून घ्या. स्टिअरिंग हायवेवर थरथरायला लागलं तर बहुतेक वेळा रिमच्या आत चिकटलेली ओली वाळू हे कारण असतं. ती धुतली की बॅलन्सिंगचे पैसे वाचतात. आणि राजस्थानात घेतलेली दारूची बाटली डिकीत ठेवून गुजरातेत शिरू नका. तिथे दारूबंदी आहे, नाक्यावर गाड्या तपासतात, आणि मुलं मागे पेंगत असताना पोलीस चौकीत कागद करत बसावं लागतं.